आला तसा टाकला

‘आला तसा टाकला.’ खोटा फोटो किंवा बनावट बातमी ग्रुपवर टाकणाऱ्याला कोणी हटकलं की हे उत्तर ठरलेलं. त्यात चूक झाल्याची खंत नसते, उलट तक्रार असते की तुम्ही विचारलंतच कशाला. मागून एखादा हसरा चेहरा येतो, मग कोणीतरी ‘जाऊ द्या ना भाऊ, काहून इतकं सिरियस घेऊन राहिले’ म्हणतं, आणि बघता बघता विचारणाराच ग्रुपमधला भांडखोर ठरतो. हे सोसलेले लोक नागपुरात कमी नाहीत. मी त्यांच्यातलाच एक आहे आणि हे लिहिण्यामागे तो राग आहेच, तो लपवत नाही. पण राग बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. ‘हा फोटो खरा आहे का?’ हा प्रश्न आपण सगळे विचारतो आणि बहुतेक वेळा तोच अपुरा पडतो. आपल्या राज्यात ज्या अफवांपायी माणसं मेली, गाड्या जळल्या, त्यांतली कितीतरी चित्रं अस्सल होती. त्यांच्याखाली लिहिलेली ओळ खोटी होती. म्हणून चित्राकडे डोळे फाडून बघण्याआधी विचारायला हवं ते हे: हे कुठलं, कधीचं, आणि ही ओळ पहिल्यांदा कोणी लिहिली?

१७ मार्च २०२५ चा सोमवार घ्या. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने नागपूरच्या महाल भागात आंदोलन केलं. गवताची प्रतीकात्मक कबर हिरव्या कापडासह जाळली गेली. त्या कापडावर पवित्र आयती होत्या, अशी बातमी दुपारपासून मोबाईलवर पसरत गेली. तसा कोणताही धार्मिक मजकूर त्यावर नव्हता, असं पोलिसांनी आणि पुढे मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. तोवर संध्याकाळी चिटणीस पार्कच्या परिसरात दगडफेक झाली होती आणि रात्री हंसापुरीत गाड्या फोडल्या-जाळल्या गेल्या होत्या. तीसहून अधिक पोलिस जखमी झाले, एका जखमी नागरिकाचा पुढे इस्पितळात मृत्यू झाला, आणि अकरा पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या काळातल्या शंभरावर आक्षेपार्ह पोस्ट सायबर पोलिसांनी नंतर शोधून काढल्या. दंगल पेटल्यावरही अफवा थांबल्या नव्हत्या.

आता यात फोटो पडताळणीचा नेहमीचा सल्ला लावून बघा. कापड जळतानाच्या व्हिडिओतलं चित्र गूगल लेन्समध्ये टाकलं असतं तर काय दिसलं असतं? व्हिडिओ नागपूरचाच, महालातलाच, आजचाच. म्हणजे ‘खरा’. यंत्राने हिरवा कंदील दिला असता आणि अफवेला उलट बळ मिळालं असतं. भांडण होतं ते कापडावर काय लिहिलं होतं यावर, आणि ते ठरवायला विचारायचं ते एवढंच: ते कोणी वाचलं? गर्दीत, लांबून, हलत्या हाताने काढलेल्या क्लिपमध्ये जळत्या कापडावरची अक्षरं लागतात का? लागत नसतील, तर पुढे पाठवणाऱ्याला ती कोणी सांगितली? हा प्रश्न विचारायला ॲप लागत नाही, इंग्रजी लागत नाही. पण तो विचारला की समोरचा दुखावतो. आपली खरी अडचण तिथे आहे. आपण बातमीवर विश्वास ठेवत नाही, बातमी पाठवणाऱ्या माणसावर ठेवतो. गणपती दूध पितो ही बातमी २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर पोहोचली तेव्हा कोणाच्या हातात व्हॉट्सॲप नव्हतं. घरातल्या काळ्या फोनवरून आत्याने सांगितलं, मामांनी सांगितलं, आणि लोक वाटी-चमचा घेऊन देवळापुढे रांगेत उभे राहिले. आत्या खोटं बोलत नव्हती. तिलाही कोणीतरी सांगितलंच होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ‘पोलिस आणि सरकार म्हणतात तेच खरं कशावरून?’ सरकारचं म्हणणं हा शेवटचा शब्द नाहीच. पण मग कळपाचं म्हणणं शेवटचा शब्द कसा होतो? दोन्हींच्या मध्ये एक तिसरी जागा असते, ‘अजून कळलेलं नाही’ अशी, आणि नेमकी तिथे थांबायला कोणी तयार नसतं. महालातल्या प्रकरणात आंदोलकांवरही धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे ज्यांना खरोखर काही सिद्ध करायचं होतं त्यांना पोलिस ठाण्याचा रस्ता उघडा होता. दुपार ते संध्याकाळ हे जे तास होते, त्यांत शेकडो शिकल्यासवरल्या लोकांनी ‘कळलं की सांगतो’ एवढं लिहिलं असतं तरी खूप होतं. शिकल्यासवरल्या हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अफवा ही अडाण्यांची गोष्ट आहे असं मानून बसलेले डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी हेच मोठमोठ्या ग्रुपांचे आधारस्तंभ असतात. हे कुठल्या एका बाजूचंही दुखणं नाही.

दुसरा आक्षेप जास्त चिवट. ‘खोटं निघालं तर काय बिघडलं? सावध केलं ना!’ मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज पाठवणाऱ्यांचं हे आवडतं समर्थन. काय बिघडलं ते धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला विचारावं. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढ्यानपिढ्या भिक्षेसाठी फिरणारे, जमावाच्या हाती सापडले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले. त्या उन्हाळ्यात देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. व्हिडिओ अस्सल होता, फक्त तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना जागं करायला बनवलेला होता. मूळ फितीत शेवटी ते मोटरसायकलवाले परत येतात, मुलाला सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. दहा-वीस सेकंद कापली की जनजागृतीचं अपहरण होतं. ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या प्रेतांचा एक फोटोही त्याच सुमारास फिरत होता, ‘या टोळीने मारलेली मुलं’ म्हणून. तो २०१३ सालचा, सिरियातल्या रासायनिक हल्ल्यातला. ती मुलं खरोखर मेली होती. म्हणूनच तो फोटो बघून हात थरथरतो, आणि हात थरथरत असताना माणूस तारीख बघत नाही.

तेव्हा ‘सावध केलं’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर असं: खोट्या इशाऱ्याची किंमत इशारा देणारा कधीच भरत नाही. ती भरतात गोसावी, नंदीवाले, बहुरूपी, परगावचा फेरीवाला, रस्ता चुकलेला ड्रायव्हर. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले, चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत या अफवेवर. आणि मग त्या हत्येवरच दुसरी अफवा उभी राहिली, तिला धर्माचा रंग दिला गेला. त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख, आपल्याच काटोलचे, त्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. एवढं होऊनही तो जुना मेसेज अधूनमधून डोकं वर काढतोच.

काही खोटं तर खऱ्याच्या इतकं जवळ असतं की खंडन करणाऱ्याचीच फजिती होते. डिसेंबर २०१९ मध्ये, हैदराबादमधल्या तरुणीच्या बलात्कार-हत्येच्या त्या भयंकर घटनेनंतर, रात्री अडकलेल्या बाईला पोलिस मोफत घरी सोडतील असा मेसेज सगळीकडे फिरला. त्यातला मोबाईल नंबर लुधियाना पोलिसांचा होता. गंमत म्हणजे नागपूर पोलिसांनीही त्याच दिवसांत रात्री ९ ते पहाटे ५ अशी सोय खरोखर जाहीर केली होती, पण तिचे नंबर वेगळे. म्हणजे ‘योजना खरी का?’ याचं उत्तर ‘हो’, आणि तरीही त्या मेसेजवर भिस्त ठेवून धंतोलीत रात्री अडकलेली मुलगी फोन लावणार लुधियानाला. ‘चांगल्या कामाचा मेसेज आहे, तपासायचं काय त्यात’ म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा. चांगल्या कामाचा मेसेज तर जास्त तपासावा, कारण त्यावर कोणीतरी खरोखर विसंबणार असतं.

‘टीव्हीवर पण दाखवलं’ या युक्तिवादावर मी फार वेळ घालवणार नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारच्या नोटेत चिप असल्याचं काही वाहिन्यांनी गंभीर चेहऱ्याने, रंगीत आकृत्या काढून समजावलं होतं. ती नोट आली आणि गेलीही, चिप काही सापडली नाही. मात्र ‘फॅक्ट-चेक करणारे तरी कुठे निःपक्षपाती आहेत’ हा आक्षेप वजनदार आहे. मुंबई उच्च न्यायालयात याच प्रश्नाची एक बाजू गाजली: केंद्र सरकारबद्दलची माहिती खोटी आहे की नाही हे सरकारच्याच कक्षाने ठरवावं का? जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर, ज्यांनी नागपुरात वर्षानुवर्षं वकिली केली, त्यांनी तसा अधिकार देणारा नियम घटनाबाह्य ठरवला. मला त्यातून एक व्यवहारातला धडा दिसतो. खोटं म्हणणारा कोण आहे यापेक्षा तो वाट दाखवतो का ते बघा. नुसता लाल शिक्का मारून ‘फेक’ लिहिलेलं चित्र हेही एक फॉरवर्डच आहे. मूळ व्हिडिओची लिंक, तारीख, ठिकाण दिलं असेल आणि ती वाट तुम्ही स्वतः चालून बघू शकत असाल, तर सांगणाऱ्याचा पक्ष कोणताही असो, फरक पडत नाही.

आता नवं संकट एआयचं, आणि ते विदर्भात वाघाच्या पावलांनी आलं. २०२५ च्या शेवटी पेंचच्या नावाने एक व्हिडिओ धुमाकूळ घालत होता: दारू प्यालेला माणूस रात्री रस्त्यावर वाघाला कुरवाळतो आणि बाटली पुढे करतो. त्याच सुमारास दुसरा, ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेतो असा. दोन्ही यंत्राने बनवलेले. दोन्हींना सीसीटीव्हीचं रूप दिलेलं, आणि ती निवड मोठी हुशारीची: वरून धरलेला कॅमेरा, रात्रीचा मंद उजेड, भुरकट चित्र. चेहरा, बोटं, सावल्या यांत जे चुकतं ते त्या भुरकटपणात झाकून जातं. त्यामुळे ‘बोटं मोजा, डोळे बघा’ हा सल्ला आता विसरलेला बरा. पुढच्या वर्षी बोटंही नीट येतील. उपयोगी पडते ती बाहेरची साक्ष. खऱ्या वाघाच्या हल्ल्यानंतर मेलेल्या माणसाचं नाव असतं, गाव असतं, वनविभागाचा पंचनामा असतो, भरपाईचा अर्ज असतो, चिडलेले गावकरी असतात आणि चंद्रपूरच्या पेपरात दुसऱ्या दिवशी बातमी असते. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. त्याचा व्हिडिओ नव्हता, आणि ते शंभर टक्के खरं होतं. विश्रामगृहाच्या व्हिडिओत वाघ होता, माणूस होता, वेळ-तारीखही होती, फक्त मेलेल्याचं गाव नव्हतं. जे लोक या बनावट वाघावर ‘बाप रे’ लिहून मोकळे झाले, त्यांना त्या तीन बायकांच्या गावाचं नाव विचारून बघा.

‘इतका वेळ कोणाला आहे?’ असं म्हणणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. व्हिडिओ थांबवा आणि ज्या क्षणी दुकानाची पाटी, इमारतीचा कोपरा किंवा गाडीचा नंबर स्पष्ट दिसतो त्याचा स्क्रीनशॉट घ्या. वर-खाली चिकटवलेला मजकूर, लाल गोल, बाण सगळं कापून टाका. ते ठेवलंत तर शोधयंत्र मजकुराच्या मागे लागतं आणि त्याच अफवेच्या नकला पुढ्यात आणून ओततं. मग लेन्समध्ये द्या. टिनआय या चित्रशोधाच्या संकेतस्थळावर सर्वांत जुनं आधी असा क्रम लावता येतो, तो लावा. जुनी नोंद सापडली तर विषय संपला. सापडली नाही तर काहीच सिद्ध झालं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. लोक इथेच घसरतात. नागपूरचा म्हणून आलेल्या व्हिडिओत रस्त्यावरच्या गाड्यांवर एमएच ३१, ४९ किंवा ग्रामीणचा ४० यांपैकी काहीच दिसत नसेल तर थांबा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रातून ते कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढलं ही माहिती गळून गेलेली असते, तेव्हा ‘प्रॉपर्टीज’ उघडून छातीठोक निकाल देणाऱ्या हुशार भाच्याचं ऐकू नका. पेपरचं कात्रण असेल तर त्या पेपरच्या त्या तारखेचा, त्या आवृत्तीचा ई-पेपर उघडा. नागपूर आवृत्ती आणि अकोला आवृत्ती एक नसते. शासन निर्णय असेल तर त्यावर संकेतांक असतो, तो राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नुसती गोल मोहोर आणि वळणदार सही कोणीही चिकटवू शकतो. आणि पावसाळ्यात सर्वांत सोपा उपाय म्हणजे फोन. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्या रात्रीचे व्हिडिओ अस्सल आहेत, म्हणूनच ते कुठल्याही पुढच्या पावसात ‘आत्ताची परिस्थिती’ म्हणून खपतात. डागा लेआउटात ओळखीचं कोणी असेलच ना? त्यांना विचारा, ‘काका, दारात पाणी आहे का?’ बाकी दोन ठिकाणी वाचा, शीर्षकावर जाऊ नका, भावना भडकल्या की थांबा, वगैरे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पाळत कोणी नाही, ती गोष्ट वेगळी.

ग्रुपच्या ॲडमिनबद्दलही बोललं पाहिजे, कारण ‘मी काय करू, मी फक्त ॲडमिन आहे’ हे दुसरं ठरलेलं वाक्य. कायदा त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य. मार्च २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानेच गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला, त्याचा त्यात सामायिक हेतू नसेल तर, जबाबदार धरता येणार नाही. निकाल योग्यच आहे. पण त्याने टाकणारा सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमात समाजात तेढ किंवा घबराट पसरवणाऱ्या खोट्या माहितीला शिक्षा आहे, आणि ‘आला तसा टाकला’ हा बचाव त्यात जसाच्या तसा लिहिलेला नाही. खरं मानायला वाजवी कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, हे दिसावं लागतं. शेजाऱ्याने पाठवलं हे वाजवी कारण होतं का, ते कोर्टात समजावत बसण्यापेक्षा आधी शेजाऱ्यालाच विचारलेलं स्वस्त पडतं. ॲडमिनला कायद्याने काही करायची गरज नाही, पण ‘फक्त ॲडमिन पाठवू शकतील’ हे बटण त्याच्याच हातात असतं, आणि दंगलीच्या संध्याकाळी ते दाबायला अक्कल पुरते. २०१८ च्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. दुहेरी बाणाची खूण तेवढ्यासाठीच आहे. तिचा अर्थ ‘लोकप्रिय’ असा नाही. हा मेसेज लिहिणारा तुमच्या ओळखीत नाही, एवढंच ती सांगते.

राहिला प्रश्न हटकायचं कसं. चारचौघांत पुराव्यासकट खोडून काढलं की समोरचा हट्टाला पेटतो. आधी खासगीत लिंक पाठवा, आणि दुरुस्ती त्याच्याच हातून त्याच ग्रुपवर करवून घ्या. बहुतेक जण ती करत नाहीत. ते मेसेज डिलीट करतात, आणि त्याजागी उरते ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी राखाडी ओळ. तोवर कोणीतरी व्हिडिओ उतरवून पुढे ज्या चार ग्रुपवर टाकलेला असतो, तिथल्या लोकांना ही ओळ दिसतही नाही, आणि मूळ पाठवणारा तासाभराने त्याच ग्रुपवर सुप्रभातचं फूल पाठवून मोकळा होतो. म्हणून त्याला लिंक पाठवतानाच त्याच्या मेसेजचा तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, आणि त्याने दुरुस्ती टाकली नाही तर आपण टाकावी, त्याचं नाव न घेता, पण त्याच ग्रुपवर आणि त्याच दिवशी. वाईटपणा येतो. तो घ्यावा.